उन्हाने चिपलेला दाणा आणि दोषाचा प्रश्न

इ. स. २०२३ च्या मार्च महिन्याच्या आरंभी जालना जिल्ह्यातील भोकरदन तालुक्यात, एका लहानशा गावी, आमच्या मंडळीची उपकारस्तुतीची उपासना होती. नवे पीक हाती आले म्हणजे प्रत्येक कुटुंबाने आपल्या ऐपतीप्रमाणे सूपभर धान्य आणून मेजापुढे ठेवावे, अशी तेथील रीत आहे. त्या दिवशी आलेल्या सुपांत एक सूप गव्हाचे होते. रंग ठीक होता, परंतु दाणा तळहातावर घेतला तर वजन म्हणून लागेना. पोट आत गेलेले, अंगावर सुरकुत्या, जणू महिनाभर तापाने निजलेल्या मनुष्याचा चेहरा. ज्याने ते सूप आणिले तो साठीकडे झुकलेला शेतकरी होता. उपासना संपल्यावर तो जवळ येऊन म्हणाला, "पाळकसाहेब, हिरीला पाणी व्हतं. एकबी पाळी चुकू दिली नाई. खतबी टाकलं. मंग दाणा काहून चिपला?"

आमचे उपदेशक शेजारीच उभे होते. ते तरुण व आवेशी आहेत. त्यांनी सांगितले की, गावात पाप वाढले, प्रभूवार कोणी पाळीत नाही, त्याची ही शिक्षा होय. मला ते बोलणे कठोर वाटले, म्हणून मी ते मऊ करावयास गेलो आणि म्हणालो, "बाबा, देवाची इच्छा. धीर धरा." तेव्हा तो म्हातारा जे बोलला ते येथे जसेच्या तसे लिहितो. "सजा म्हना नाई तं इच्छा म्हना, साहेब. पर ज्यानं पेरलंच नाई त्याचं कायबी गेलं नाई. सजा काय पेरणाऱ्यालाच असती का?"

त्या प्रश्नाला उपदेशकांनी उत्तर दिले नाही व मीही दिले नाही. आम्ही त्याच्या गव्हाबद्दल प्रार्थना केली आणि मी मोटारगाडीने घरी परतलो. पुढे पुष्कळ दिवस तो प्रश्न मनातून गेला नाही. तो एकट्या त्या म्हाताऱ्याचा नसून आमच्या सर्व खेड्यांतील मंडळ्यांचा आहे, असे वाटल्यावरून हा लेख लिहीत आहे.

प्रथम दाण्याविषयी. विहिरीत पाणी असता व पाळ्या चुकल्या नसता गहू का चिपावा, हे समजल्यावाचून दोषाची गोष्ट बोलणे व्यर्थ होय. गहू हे थंडीचे पीक. कार्तिकात पेरावा, पौषात त्याने ओंब्या काढाव्या, आणि माघाची थंडी अंगावर घेत सावकाश दाणा भरावा, हा त्याचा क्रम. दाणा भरण्याचे दिवस हेच त्याच्या आयुष्यातील कमाईचे दिवस. त्या दिवसांत उष्मा ३० अंशांच्या पलीकडे जाऊन तेथेच ठाण मांडून बसला म्हणजे झाड घाई करू लागते. पाने वेळेआधी पिवळी पडतात, ओंबी लवकर पिकते, आणि जे पोते पूर्ण महिना घेऊन भरावयाचे ते अर्धवट असतानाच त्याचे तोंड शिवले जाते. ह्याहून कमी दिसणारी, पण तितकीच घातक गोष्ट म्हणजे उबदार रात्री. पानाने दिवसा सूर्यप्रकाशात जे अन्न तयार केले त्यातील काही भाग झाड रात्री आपल्या श्वासोच्छ्वासात खर्च करिते. रात्र थंड असली तर खर्च थोडा. रात्र उबदार असली तर खर्च मोठा. मजुराने दिवसभर राबून आणावे आणि घरातील दुखण्याने ते रात्रीतून खाऊन टाकावे, तशी त्या झाडाची गत होते. पाणी दिल्याने मुळांची तहान भागते व रानही काहीसे थंडावते; परंतु हुकलेले दिवस पाण्याने परत येत नाहीत. म्हाताऱ्याने काही चूक केली नव्हती.

आणि तो फेब्रुवारी होताही तसाच. आपल्या देशाच्या हवामान खात्याजवळ १९०१ सालापासूनच्या नोंदी आहेत. त्या नोंदींत, दिवसाच्या उष्म्याची सरासरी काढिली असता, २०२३ चा फेब्रुवारी हा तोवरच्या सर्व फेब्रुवारींत अधिक तप्त ठरला. त्याच्या आदल्या वर्षी, २०२२ साली, मार्च महिन्याने असाच उच्चांक केला होता. पंजाब व हरियाणा ह्या गव्हाच्या मुलखांत ऐन दाणा भरतानाच ऊन तापले, आणि १३ मे २०२२ रोजी सरकारास गहू परदेशी पाठविणे बंद करावे लागले.

ज्वारीची गोष्ट थोडी निराळी आहे, आणि आमच्या लोकांचे पोट गव्हापेक्षा भाकरीवर अधिक काळ चालले असल्यामुळे ती सांगितली पाहिजे. शाळू हस्ताच्या पावसाच्या ओलीवर काळ्या रानात पेरतात. पुढे आभाळातून थेंब पडला नाही तरी तो जमिनीच्या पोटातील ओल ओढून वाढतो. त्याचा फुलोरा थंडीत येतो, म्हणून फुलोऱ्यातील उन्हापासून तो बहुधा वाचतो. परंतु तप्त वर्षी ती ओलच लवकर उडून जाते. जमीन भेगाळते, भेगांत मुळे तुटतात, आणि ताट उभ्याउभ्या वाळते. पावसाळी ज्वारीस मात्र फुलोऱ्यातच उघडीप व ऊन गाठू शकते. उष्मा ३६ ते ३८ अंशांच्या पुढे गेला म्हणजे तिचे पराग निर्बळ होतात. दुरून कणीस भरलेले दिसते, हातात घेतले म्हणजे मधूनमधून दाणाच नसतो. हरभऱ्याची फुले गळतात. बाजरी ह्या सर्वांत काटक. आमच्या आज्या तिला गरिबाची म्हणून हिणवीत, पण उन्हापुढे अधिक टिकते ती तीच. जगभरच्या पिकांविषयी २०१७ साली एक मोठे संशोधन प्रसिद्ध झाले. त्यात असा अंदाज आहे की, पृथ्वीचा उष्मा एका अंशाने वाढला म्हणजे गव्हाचे पीक सरासरीने शेकडा ६, मक्याचे शेकडा ७ हून थोडे अधिक, आणि तांदूळ व सोयाबीन ह्यांचे शेकडा ३ च्या आसपास घटते. आमच्या भोकरदन-जाफ्राबादकडे मका पुष्कळ, आणि सोयाबीन तर जिल्हाभर. तेव्हा ही गोष्ट दूरदेशाची नव्हे.

येथे कोणी म्हणेल, पूर्वी ऊन नव्हते काय? होते. आमच्या वाडवडिलांनी १८७६ ते १८७८ चा, १८९६-९७ चा व १८९९-१९०० चा असे दुष्काळ पाहिले. आमच्या आईबापांनी १९७२ चा पाहिला. आणि २०१२-१३ साली जालन्याच्या मोसंबीच्या बागा वाळून त्यांवर कुऱ्हाड चालली, हे तर आम्ही सर्वांनी पाहिले आहे. परंतु ती संकटे मुख्यत्वे पाऊस न पडल्याची होती. पाऊस पुरेसा, विहीर भरलेली, आणि तरी दाणा चिपलेला, असे वर्ष वारंवार येऊ लागणे ही नवी गोष्ट आहे, आणि तिचे कारण आता गुप्त राहिलेले नाही. कोळसा व खनिज तेल जाळल्याने जो वायू निघतो तो पृथ्वीची ऊब अडवून धरितो, हे टिंडल नावाच्या शास्त्रज्ञाने १८५९ साली प्रयोगाने दाखविले. ज्या १८९६ साली दख्खनेत दुष्काळ पडत होता, त्याच साली स्वीडन देशात अऱ्हेनियस ह्या पंडिताने कागदावर गणित मांडून सांगितले की, हा वायू वाढला तर पृथ्वी किती तापेल. कारखाने सुरू होण्यापूर्वी हवेच्या दशलक्ष भागांत त्याचे सुमारे २८० भाग होते. आज ते ४२० च्या वर गेले आहेत. उष्णता मोजणाऱ्यांच्या नोंदींत २०२४ हे साल सर्व पृथ्वीचे सर्वाधिक तप्त साल ठरले.

आता दोषाकडे वळू.

उपदेशकांचे उत्तर शिक्षेचे होते, आणि ते खेड्यांत पुष्कळ ऐकू येते. म्हणून त्याजवर थोडे थांबतो. उपदेशक बंधूंनो, शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसे मेली, तेव्हा ती यरुशलेमेतील इतरांपेक्षा अधिक अपराधी होती काय, असा प्रश्न प्रभूने स्वतःच काढिला आणि त्याचे उत्तर नकारार्थी दिले. जन्मांध मनुष्याविषयी शिष्यांनी विचारले की पाप कोणी केले, ह्याने की ह्याच्या आईबापांनी. तेथेही त्याने दोन्ही पर्याय नाकारिले. ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ मुकाट्याने बसले होते तोवर त्यांच्या वागण्यास नाव ठेवण्याजोगे काही नव्हते. त्यांनी तोंड उघडून त्याचे पाप शोधू लागताच ते चुकले. इतकी साक्ष समोर असता आपण चिपलेला दाणा पाहून शेतकऱ्याच्या पापाचा हिशेब मांडू लागावे, हे मला धजत नाही.

ह्या उत्तरात एक खरे बीज आहे, आणि ते फेकून देऊ नये. मनुष्याच्या कर्माला फळ असते, हे खरे. परंतु शिक्षा निराळी आणि परिणाम निराळा. शिक्षा अपराध्याचे घर विचारीत जाते. परिणाम वाटेत जो भेटेल त्याला गाठतो. समजा, वरच्या बांधावर एकाने पऱ्हाटी पेटविली, वारा सुटला, आणि खालच्या शेतातील कडब्याची गंजी जळाली. गंजी ज्याची जळाली तो पापी म्हणून जळाली, असे गावातील लहान पोरही म्हणणार नाही. आणि पेटविणारा जर म्हणू लागला, "मी माझ्या बांधावर पेटविले, वारा काही मी सोडला नाही," तर पंच त्याचे ऐकतील काय? ते म्हणतील, बाबा, वारा तुझा नव्हे हे खरे, पण आग तुझी. ह्याच्या बैलांना उन्हाळाभर वैरण दे. हेतू नव्हता म्हणून तो तुरुंगात जाणार नाही. पण वैरण चुकणार नाही. माझ्या मते उष्म्याच्या दोषाची सारी कुंजी ह्या गंजीच्या गोष्टीत आहे.

दुसरे उत्तर नशिबाचे. ते आपल्याकडे जुन्या वळणाने अजून बोलले जाते. त्याविषयी इतकेच की, ज्याचे कारण सापडले आहे त्याला नशीब म्हणणे हा आळस होय.

तिसरे उत्तर अलीकडचे आहे आणि शिकलेली मुले ते देतात: दोष सारा परक्या मुलखातील श्रीमंतांचा. ह्यात सत्याचा अंश मोठा आहे. अमेरिकेत एका मनुष्यामागे वर्षाला ह्या वायूचे सुमारे १४ टन निघतात, आपल्या देशात सुमारे २. त्यातही ही सरासरी आहे. मुंबईच्या बंगल्यातील आणि घनसावंगीच्या मेंढपाळाच्या पालातील असे दोन्ही हिशेब एकाच परातीत कालवून ती काढिलेली आहे. ज्याच्या घरी एक दिवा आणि एक पंखा, त्याच्या वाट्याचा धूर तो किती! आणि तरी आम्ही अगदीच निर्दोष आहो असे नाही. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत लोखंड वितळविणाऱ्या भट्ट्या आहेत; त्यांना लागणारी वीज बहुतांशी कोळशाचीच, आणि त्या भट्ट्यांवर आमच्या मंडळीतील पुष्कळ तरुण पोट भरतात. आम्ही पाचट जाळतो, काड जाळतो, पऱ्हाटी जाळतो. हे कबूल केले पाहिजे. परंतु "आपण सगळेच दोषी" असे जो मोठ्या नम्रतेने म्हणतो तो बहुधा मोठ्या दोषाला लहान दोषांच्या गर्दीत लपवीत असतो, असा माझा अनुभव आहे. बांधावर पऱ्हाटी पेटविणारा आणि चुलीत काटकी घालणारा हे दोघे एका मापाने मोजू नयेत. २०२२ साली इजिप्त देशातील शर्म-अल-शेख येथे सर्व राष्ट्रांची परिषद भरली. तीत उष्म्यामुळे गरीब देशांची जी हानी होते तिच्या भरपाईसाठी एक निधी काढावा, असे ठरले. राष्ट्रांनी गंजीचा न्याय तत्त्वतः मान्य केला, असा त्याचा अर्थ मी घेतो. पण राष्ट्रे सावकाश चालतात, आणि चिपलेल्या गव्हाचा भाव जालन्याच्या मोंढ्यात त्याच सकाळी ठरतो.

म्हणून म्हाताऱ्याचा प्रश्न ह्या तिन्ही उत्तरांनी सुटत नाही. त्याने ऊन कोणी पाडले हे विचारले नव्हते. त्याने विचारले होते की, जे ऊन सर्वांवर सारखे पडते त्याचा तोटा एकाच्याच पदरात कसा पडतो.

तो कसा पडतो हे पाहावयास आपल्याला स्वीडनपर्यंत जावे लागत नाही; खळ्यापर्यंत गेले म्हणजे पुरे. आमच्यापैकी पुष्कळांच्या आजोबा-पणजोबांनी खळ्यावर सूप घेऊन उभे राहून बलुते मागितले आहे. दोर वळल्याबद्दल, वेस राखल्याबद्दल, मेलेले ढोर ओढल्याबद्दल. पीक भरघोस आले तर सूप भरे. पीक बारीक आले तर प्रथम त्यांचेच सूप रिकामे परत येई. वर्षभराचे काम मात्र बारीक होत नसे. बलुते गेले, पण तो क्रम गेला नाही. आज मोंढ्यात व्यापारी दाणा बोटांत चोळून पाहतो व भाव उतरवितो; त्याचा व्यवहार सांभाळला जातो. बी विकणाऱ्याचे पैसे पेरणीलाच पोहोचलेले असतात. उसनवारीचे व्याज उन्हात सुकत नाही. कापणीला येणाऱ्या बाईला, "यंदा गहूच नाही, दोन दिवस कमी ये," असे सांगितले जाते. आणि जमीन ज्याची आहे पण हात ज्याचे नाहीत, त्याचे काय होते ते जमीन कशी दिली आहे ह्यावर अवलंबून असते.

खेड्यातील वाचकांस हे सांगणे नको, पण उपदेशक कधी कधी शहरातून येतात म्हणून सांगतो. जमीन दोन रीतींनी लावितात. एक बटई: बी-खत व उत्पन्न ठरलेल्या वाट्याने, बहुधा निम्मे निम्मे. दुसरा ठोका: एकराला इतके रुपये, पीक येवो अथवा न येवो. बटईत ऊन दोघांच्या पोत्यात उतरते. ठोक्यात ते एकट्या कसणाऱ्याच्या पोत्यात उतरते आणि मालकाच्या कागदावर त्याची सावलीही पडत नाही. गेल्या काही वर्षांत पाऊस व ऊन बेभरवशाचे होत चालले, तसतसे बटई सोडून ठोक्याने जमीन देण्याकडे मालकांचा ओढा वाढला, असे मी आजूबाजूच्या गावांत पाहतो. त्यात कोणाचा दुष्टपणा आहे असे नाही. प्रत्येकजण आपल्या डोक्यावर छत्री धरितो इतकेच. परंतु छत्रीवरून ओघळलेले पाणी कोठेतरी पडते.

आता एक गोष्ट, जी मी आरंभी लिहिली नाही, ती लिहितो. त्या म्हाताऱ्याने सुपात आणलेला गहू माझ्याच शेतातला होता. वडिलांकडून आलेले माझे चार एकर रान त्या गावी आहे. मी पाळकाच्या कामामुळे दुसरीकडे राहतो. म्हणून ते त्यास ठोक्याने दिलेले होते, अर्धी रक्कम पाडव्याला आगाऊ व अर्धी रब्बीचा हंगाम निघाल्यावर. उपासनेनंतर "देवाची इच्छा, धीर धरा," असे त्यास सांगून मी घरी आलो, आणि पाडव्याच्या आठवड्यात उरलेली अर्धी रक्कम त्याच्याकडून पुरी मोजून घेतली. त्याने ती दिली. ती त्याने कोठून आणिली हे मी विचारिले नाही. "ज्यानं पेरलंच नाई" हे शब्द त्याने माझ्याकडे पाहून उच्चारिले होते. मला ते समजावयास पुढील पावसाळा उजाडावा लागला.

योसेफाची कथा आपण मुलांना हौसेने सांगतो. फारोच्या स्वप्नात पूर्वेच्या वाऱ्याने करपलेली सात बारीक कणसे होती. दाणा उन्हावाऱ्याने चिपणे ही किती जुनी गोष्ट आहे! योसेफाने पाप कोणाचे हे न विचारिता कोठारे बांधिली, म्हणून आपण त्याची थोरवी गातो, आणि ते योग्य आहे. पण कथा तेथे संपत नाही. लोकांजवळचे पैसे सरले, मग त्यांनी गुरे दिली, मग जमिनी दिल्या, आणि शेवटी स्वतःस फारोचे दास करून घेतले; कोठार भरलेले असताना हे झाले. आणि त्याच अध्यायात एक वाक्य आहे, ज्यावर मी पूर्वी कधीही उपदेश केला नव्हता: याजकांची जमीन मात्र घेतली गेली नाही, कारण त्यांस फारोकडून नेमणूक होती. ते वाक्य मी त्या वर्षी अनेकदा वाचले. (ज्या इजिप्तकडे त्या काळी सर्व देश धान्यासाठी धावत, तोच इजिप्त आता परदेशी गव्हाच्या सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकांपैकी आहे, काळाचे फेरे!)

धान्य साठविणे आणि तोटा वाटून घेणे ही दोन निरनिराळी कामे आहेत, हे ह्या महाराष्ट्राने एकदा शिकून दाखविले आहे. १९७२ च्या दुष्काळात लाखो माणसे खडी फोडावयास गेली. सुकडी मिळाली, परदेशची तांबडी मिलो ज्वारी मिळाली, आणि ती खाणारे म्हातारे तिची चव अजून विसरले नाहीत. ती दया होती, आणि तिने पुष्कळ जीव वाचले. परंतु त्यानंतर वि. स. पागे ह्यांच्यासारख्या माणसांच्या खटपटीने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला व १९७९ पासून तो अमलात आला. तेव्हापासून काम मागणारा मनुष्य दारी उभा राहिलेला याचक राहिला नाही, हक्कदार झाला. त्या कायद्याच्या अंमलबजावणीत जे दोष झाले ते खेड्यांतील वाचकांस माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहेत. तरी दयेपासून हक्कापर्यंतचा तो प्रवास लहान नव्हे.

आणि त्याही पूर्वीचे उदाहरण आमच्या घरचेच आहे. रेव्हरंड नारायण शेषाद्री, ज्यांचा १८४३ साली मुंबईस बाप्तिस्मा झाला, ते पुढे जालन्यास आले. त्यांच्या उपदेशाने जे लोक आले ते बहुतेक मांग समाजातील, गावकुसाबाहेरचे, भूमिहीन. शेषाद्रींनी त्यांस उपदेश करून सोडून दिले नाही. सालारजंग दिवाण असताना त्यांनी निजाम सरकारकडून जमीन मिळविली व जालन्याजवळ बेथेल हे गाव वसविले. ज्या लोकांचे पूर्वज दुसऱ्याच्या खळ्यावर सूप घेऊन उभे राहत, त्यांच्या पायाखाली रान आले. त्या लोकांस भूमिहीन शेषाद्रींनी केले नव्हते. दोष त्यांचा नव्हता, आणि काम मात्र त्यांनी आपले मानिले. दोष आणि कर्तव्य ह्यांची गाठ आपण नेहमी एकत्र बांधतो. माझा दोष नाही म्हणून माझे काही देणे नाही, असे म्हणून मोकळे होतो. ती गाठ सोडविल्याशिवाय उन्हाचा प्रश्न सुटणार नाही. पृथ्वी मी तापविली नाही, अथवा फारच थोडी तापविली; तरी ठोक्याचा कागद माझ्या सहीचा आहे.

राहता राहिला धीर, ज्याचा मी उपदेश केला होता. सोसणे हा सद्गुण आहे, ह्यात संशय नाही. आमच्या बायाबापड्यांनी तो पुस्तकावाचून शिकलेला आहे. पण सोसणारा जेव्हा स्वतःस "धीर धर" म्हणतो तेव्हा तो सद्गुण असतो. ज्याचे काही गेले नाही तो जेव्हा दुसऱ्यास "धीर धर" म्हणतो तेव्हा ते बहुधा आपली छत्री न हलविण्याचे निमित्त असते. हा भेद सेमिनरीत आम्हांस कोणी शिकविला नाही, किंवा शिकविला असेल तर माझे लक्ष नव्हते. म्हाताऱ्यास मी त्या दिवशी काय सांगावयास हवे होते? एवढेच की, बाबा, चूक तुमची नव्हे. ऊन दूरच्या धुराचे आहे. आणि ह्या तोट्यातला निम्मा वाटा माझा आहे.

ते मी त्यास दिवाळीच्या सुमारास सांगितले. तो पुष्कळ वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "साहेब, आता कागद फाडून कामून करता? पुढच्या साली चांगला गहू पिकला तं तुमी पस्तावसाल." मी म्हटले, "चांगला पिकला तर निम्मा मला येईलच की." तेव्हा तो हसला. घेतलेल्या रकमेपैकी निम्मी परत करू लागलो तर ती त्याने रोख घेतली नाही. त्यातून बी व खत घेऊ, असे ठरले. तेव्हापासून ते रान बटईने आहे. माझ्या घरी ह्यावरून थोडी कुरकुर झाली, आणि ती अगदीच अयोग्य होती असेही मी म्हणत नाही. ठोक्याचा पैसा मुलीच्या शिक्षणाला धरलेला होता.

मंडळीत जे थोडे जमीनवाले आहेत त्यांच्यापुढे हा विषय काढिला असता दोघांनी मान्य केले, एकाने विचार करू म्हटले, आणि एकाने मला स्पष्ट सांगितले की पाळकाने उपदेश करावा, शेतीत पडू नये. उपदेशकांनी मात्र एक गोष्ट आपण होऊन केली. शूनेमच्या बाईचा मुलगा कापणीच्या शेतात "डोके, डोके" करीत बापापाशी आला आणि दुपारी आईच्या मांडीवर मेला, ती गोष्ट त्यांनी सांगितली, आणि माघ-फाल्गुनानंतर शेतातील मजुरी पहाटे धरून अकरा वाजता सोडावी व रोज पुरा द्यावा, असे चार घरांकडून कबूल करून घेतले. शिक्षेविषयी ते आता बोलत नाहीत.

ह्या खेपेस म्हाताऱ्याने गहू घरच्या पोळीपुरता अर्धा एकर ठेविला आहे, आणि तोही लवकर, कार्तिकाच्या आरंभीच पेरला आहे, म्हणजे दाणा भरेपर्यंत थंडी सापडावी. उरलेल्या साडेतीन एकरांत मालदांडी शाळू आहे. निम्मे बियाणे माझे. त्याने निरोप पाठविला आहे की ताटे कमरेला लागली, ओल अजून बरी आहे, आणि हुरड्याला उपदेशकांना घेऊन या.